रविवारच्या प्रवचनाची कुळकथा

मिस्सेत शुभवर्तमानाचे वाचन संपून भाविक खाली बसले, की नुकत्याच वाचलेल्या उताऱ्याचा धागा धरून धर्मगुरूंनी भावाभावांच्या बांधाच्या तंट्यापासून लग्नातल्या उधळपट्टीपर्यंत कोणत्याही विषयास हात घालावा, हा परिपाठ कॅथलिक मंडळींच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याला काही पूर्वेतिहास असेल आणि त्या इतिहासात तो परिपाठ कित्येक शतके मोडकळीस आला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

त्याचे मूळ यहुदी सभास्थानात आहे. शब्बाथाला शास्त्रग्रंथ वाचावा आणि जाणत्याने त्यावर बोलावे, हा तेथील दस्तूर. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाची गुंडाळी वाचून सेवकाच्या हाती परत दिली आणि खाली बसून तो बोलू लागला, असे लूक सांगतो. ख्रिस्ती मंडळीने हा वारसा कसा चालविला याचे पहिले सविस्तर वर्णन इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन या तत्त्वज्ञाने केले, आणि तेही रोमन बादशहास उद्देशून लिहिलेल्या कैफियतीत. सूर्याच्या वारी नगरांतले आणि खेड्यापाड्यांतले लोक एकत्र जमतात, वेळ पुरेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, आणि वाचणारा थांबला की सभेचा प्रमुख त्या सद्गोष्टींचे अनुकरण करण्याविषयी उपदेश करतो, असे त्याने नमूद केले आहे. प्रमुखाने विद्वत्ता दाखवावी असे जस्टिन म्हणत नाही, अनुकरणाची गोष्ट काढतो. प्रवचनाचे सारे कुळशील मला या तपशिलात दिसते.

अनुकरणाचा हाच आग्रह पुढे अंत्युखिया शहरात दिसतो. इ. स. 387 मध्ये तेथे नव्या कराच्या बोजाने रयत बिथरली आणि तिने सम्राट थिओडोसियस व त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे फोडले. आता शहरावर बादशाही कोप होणार या धास्तीने लोकांची गाळण उडाली. वृद्ध बिशप फ्लावियन रदबदलीसाठी कॉन्स्टँटिनोपलला गेला. आणि मागे राहिलेल्या जनांना सांभाळण्याचे काम योहान क्रिसोस्तोम या धर्मगुरूकडे आले. त्याने उपवासकाळभर धीर दिलाच, परंतु ऊठसूट शपथा वाहण्याची सवय सोडा, हा तगादाही प्रवचनामागून प्रवचनात असा काही लावला, की डोक्यावर टांगती तलवार असलेल्या नगरीला तो विषय क्षुल्लक वाटला असल्यास नवल नाही. मला मात्र त्या हट्टातच त्याची थोरवी दिसते.

त्याच्याहूनही मला जवळचा वाटतो तो दक्षिण गॉलमधील आर्लचा सहाव्या शतकातला बिशप सिझेरियस. शुभवर्तमान संपताच लोक पाय काढू लागत, म्हणून हा गृहस्थ अनेकदा चर्चचे दरवाजेच बंद करवीत असे! आम्हांस अक्षरओळख नाही, शास्त्र कसे वाचणार, या सबबीला त्याने दिलेले उत्तर आपल्या पेठेतल्या कोणालाही कळेल: निरक्षर व्यापारी पगारी कारकून ठेवून जमाखर्च लिहवून घेतात आणि नफा कमावतात, मग आत्म्याच्या हिशेबासाठी वाचून दाखवणारा का ठेवू नये? सिझेरियसच्याच पुढाकाराने 529 साली वेझों येथील परिषदेने खेड्यांतील साध्या धर्मगुरूंनाही प्रवचनाची मुभा दिली. तोवर ते मुख्यत्वे बिशपांचे काम होते.

पुढे लॅटिन लोकांना कळेनाशी झाली. 813 मध्ये तूरच्या परिषदेला प्रवचने लोकबोलीत समजावून सांगा, असे फर्मावावे लागले. सोळाव्या शतकात त्रेंतच्या धर्मपरिषदेने पॅरिशच्या धर्मगुरूवर रविवारच्या उपदेशाची सक्ती केली खरी. पण 1570 च्या मिस्साग्रंथात रविवारची वाचने वर्षानुवर्षे तीच राहिली आणि त्यांत जुना करार जवळजवळ ऐकूच येईना. प्रवचनापूर्वी धर्मगुरू डाव्या हातावरची उपासनेची पट्टी उतरवून ठेवीत, यावरूनच प्रवचन हा उपासनेबाहेरचा मामला मानला जाई हे उघड होते.

गोव्यात तर भाषेवरच गदा आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, आणि पाद्रीगुरूने लोकांच्या शंकांना उत्तरे देत ओवीबद्ध कथा सांगावी, अशी त्याची मांडणी होती. मात्र 1684 मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. रयतेने ते मनावर घेतले नाही, हे सांगायला नकोच.

तुटलेला धागा पुन्हा जोडला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रवचनाला उपासनेचेच अंग ठरवून, रविवारी ते गंभीर कारणावाचून गाळू नये असे बजावले गेले, आणि 1969 च्या आगमनकाळापासून तीन वर्षांचे वाचनचक्र सुरू झाले: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक; योहान मुख्यत्वे प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात; आणि सामान्य काळात शुभवर्तमानाशी मेळ खाणारे जुन्या करारातील वाचन.

हा मेळ कसा बसतो ते लूकच्या वर्षातील सामान्य काळाच्या पंचविसाव्या रविवारी पाहावे. पहिल्या वाचनात संदेष्टा आमोस धान्याच्या व्यापाऱ्यांना फैलावर घेतो, कारण ते माप लहान करतात, तराजू खोटा करतात आणि गव्हाचा भुसाही विकतात. शुभवर्तमानात एक कारभारी नोकरीवरून निघण्यापूर्वी धन्याच्या कुळांना बोलावून शंभर मणांच्या खतावर ऐंशी लिहायला सांगतो, आणि धनी त्याच्या धूर्तपणाची वाखाणणी करतो. यातून काय काढावे, हे प्रवचनकाराला अवघडच आहे. समोरच्या बाकावर किराणा दुकानदार बसलेला असला, तरी आपल्याला टोमणा मारण्याकरिता फादरांनी आमोस निवडला, अशी तक्रार त्याला करता येत नाही. आणि तो दुकानदार चर्चचा मोठा देणगीदार आहे म्हणून ते वाचन वगळण्याची मुभा फादरांनाही नाही.