घटनेच्या २१ व्या कलमांतील एक पाठभेद

एका शब्दाच्या पाठभेदानें ग्रंथाचा अर्थ कसा फिरतो, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. हा नियम जुन्या पोथ्यांपुरताच नाहीं. भारताच्या राज्यघटनेची सुलेखित इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं हातानें लिहिली. तींतील २१ वें कलम अवघें एक वाक्य आहे; परंतु त्या वाक्यामागें टाकून दिलेला एक पूर्वपाठ आहे. तो कसा गेला, त्याच्या जागीं काय आलें, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतील सामान्य माणसाशीं त्याचा संबंध कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पूर्वपाठ अमेरिकेचा होय. तेथील घटनेस १७९१ मध्यें जी पांचवी दुरुस्ती जोडली गेली, तींत कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडूं नये असें सांगून, कोणाचेंही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ वांचून, म्हणजे कायद्याच्या यथोचित रीतीवांचून, हिरावूं नये असा निर्बंध घातला आहे. सारें बळ ‘यथोचित’ या विशेषणांत आहे. त्यामुळें कायदा पाळला गेला कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर ती रीति न्याय्य आहे काय, हेंही न्यायाधीशास विचारतां येतें.

आमच्या घटनासमितीनें एप्रिल १९४७ मध्यें मालमत्तेचा उल्लेख वगळून हाच पाठ स्वीकारला होता. त्याच वर्षीं घटनासल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेस गेले. तेथील न्यायमूर्ति फेलिक्स फ्रँकफर्टर यांनीं त्यांस असा अभिप्राय दिला कीं, लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनीं या शब्दांच्या आधारें रद्द करणें लोकशाहीस धरून नाहीं. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यांत त्या वेळच्या १५ व्या कलमांत नवा पाठ आला : ‘कायद्यानें प्रस्थापिलेल्या कार्यपद्धतीवांचून’. या शब्दयोजनेचा आधार जपानची १९४६ ची घटना होय. शिवाय ‘स्वातंत्र्य’ या शब्दामागें ‘व्यक्तिगत’ हें विशेषण लागून त्याची व्याप्ति आंखडली.

जुना पाठ परत आणावा म्हणून उभे राहिलेल्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन हे होते. भंडारा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत मोडत असे. सबळ कारणावांचून कोणाच्या घराची व कागदपत्रांची झडती होऊं नये, ही अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी सूचनाही त्यांचीच. १३ डिसेंबर १९४८ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढें मांडून निर्णय त्याच्यावरच सोपविला. सभागृहानें नवाच पाठ कायम केला.

प्रकरण येथें संपलें नाहीं. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं १५-अ हें नवें कलम मांडलें, आणि १५ व्या कलमानें जें गमावलें त्याची ही भरपाई आहे, असा त्याचा हेतु स्पष्ट केला. तेंच आजचें २२ वें कलम. अटक झालेल्यास शक्य तितक्या लवकर कारणें सांगावीं. त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत त्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें. चोवीस तासांची मर्यादा १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतिसंहितेंत होतीच; पण जें विधिमंडळास साध्या बहुमतानें पुसतां आलें असतें, तें आतां मूलभूत हक्कांत गेलें. त्याच कलमांत प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेविली गेली, हेंही लपविण्याजोगें नाहीं. याच आंबेडकरांनीं १९५४ मध्यें भंडाऱ्यांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व ते पराभूत झाले. जिल्ह्याच्या इतिहासांत त्या पराभवाशेजारीं या भरपाईचीही नोंद असावी.

पुढें टीकाकारांचें काम सुरू झालें. गोपालन् प्रकरणीं (१९५०) सर्वोच्च न्यायालयानें नव्या पाठाचा अक्षरार्थ केला : विधिमंडळानें केलेली पद्धति पाळली म्हणजे पुरे. मेनका गांधी प्रकरणीं (१९७८) तें न्यायालय म्हणालें कीं, ती पद्धति न्याय्य, उचित व सयुक्तिकही असली पाहिजे. व्याकरणाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, आदेश हा स्थानिवत् मानला गेला. जो शब्द पुसला त्याचे धर्म त्याच्या जागीं आलेल्या शब्दास मिळाले.

मग भरपाईचें प्रयोजन उरलें काय? आमच्या मतें तेंच अधिक उरलें. यथोचित रीतीची चर्चा दिल्लीस वर्षानुवर्षें चालते. तालुक्याच्या ठाण्यांत रात्रीं आणलेल्या माणसास चोवीस तासांची मर्यादा व हातीं पडलेला कागद हाच आधार. तो कागद त्याला वाचतां आला पाहिजे. शेजारच्या नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यानें १९६१ मध्यें एकास स्थानबद्ध करून कारणें इंग्रजींत दिलीं. त्यास ती भाषा येत नव्हती; त्यानें हिंदी प्रत मागितली, ती मिळाली नाहीं. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालांत (१९६२) सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, अधिकाऱ्यानें तोंडी भाषांतर करून सांगणें पुरेसें नाहीं. साध्या अटकेलाही हाच नियम लागण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. तेव्हां, महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणीं, अटकेचीं कारणें लेखी व समजणाऱ्या भाषेंत द्यावीं, तें तत्क्षणीं न जमल्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढें नेण्याच्या निदान दोन तास आधीं द्यावीं, असा निर्णय झाला. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. चोवीस तासांची मर्यादा तींतही तशीच आहे.

आम्ही मोडींतील महजर व निवाडपत्रें जपतों, कारण सत्तेनें माणसाशीं कसा व्यवहार केला याचा पुरावा त्यांत असतो. अटकेचीं कारणपत्रें, जामिनाचे अर्ज, झडतीचे पंचनामे हाही तसाच पुरावा होय. तुमसर, पवनी, साकोली येथील जुन्या वकिलांच्या वारसांनीं आपलीं दप्तरें रद्दींत घालण्यापूर्वीं तीं संग्राहकांस दाखवावीं, आणि संग्राहकांनीं संबंधितांचीं नांवें झांकून त्यांच्या याद्या कराव्या. कोणत्या वर्षीं, कोणत्या भाषेंत, किती तासांनीं कारण सांगितलें गेलें, हें त्या कागदांवरूनच कळेल. घटनेंतील पाठ प्रत्यक्षांत कसा वाचला गेला, हें ठरविण्यास त्याहून विश्वसनीय साधन आम्हांस दिसत नाहीं.