शेळीची हद्द : दख्खनच्या कुरणांचा इतिहास

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि डोंगरउतारांवर मुरमावर मातीचा जेमतेम वीतभर थर टिकतो. अशा ठिकाणी चराईसाठी जमीन तयार करण्याचे काम नांगराने फारसे कधी झाले नाही. ते रान ठरावीक काळ बंद ठेवून झाले. त्यामुळे येथील चराऊ जमिनीचा इतिहास हा मुख्यतः बंदी कोणी घातली, कोणासाठी घातली आणि ती केव्हा उठवली याचा इतिहास आहे, आणि त्यात शेळीच्या वाट्याला बहुधा कुंपणाबाहेरची बाजू आली.

मराठेशाहीत राखलेल्या गवताच्या रानाला कुरण म्हणत. पावसाळ्याच्या तोंडाशी कुरण बंद होई, गवत वाढून त्याचे बी पिकेपर्यंत त्यात जनावर शिरू दिले जात नसे, आणि दसऱ्याच्या सुमारास कापणी होऊन गवताच्या गंजी रचल्या जात. ही सारी राखण प्रामुख्याने घोड्यांसाठी होती, कारण घोडदळावर उभ्या असलेल्या राज्याला गवताचा साठा धान्याइतकाच मोलाचा होता. शिवाजी महाराजांनी 1673 साली चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात पावसाळाभर पुरवायच्या वैरणीची चिंता आहेच, शिवाय दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताला आग लागेल इतका बारीक धोकाही दाखवला आहे. पेशवाईत पुण्याच्या परिसरात सरकारी कुरणे होती. जुन्नर आणि वेल्हे भागांत कुरण या नावाची गावे आजही आहेत. गावच्या सामाईक चराईचे गायरान मात्र वेगळे होते. ते सर्वांना खुले असे, आणि सर्वांना खुले असल्यामुळेच तेथील गवत क्वचितच गुडघ्यापर्यंत वाढे.

शेळीची गरज घोड्यापेक्षा वेगळी असते, हे कुरणाच्या या व्यवस्थेत कोणी फारसे विचारात घेतले नाही. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असल्याने ते कापले किंवा चरले तरी पुन्हा फुटते. शेळी मात्र गवतापेक्षा पाल्याला अधिक पसंती देते, मागच्या पायांवर उभी राहून बोर, बाभूळ, हिवर यांच्या फांद्या ओढते, आणि रोपाचा शेंडाच खाल्ला गेल्याने कोवळे झाड खुरटते. म्हणून शेळीला चांगले रान म्हणजे झुडपांचे मिश्र रान, ज्यात पवन्या, डोंगरी, मारवेल यांसारख्या गवतांबरोबर काटेरी झाडे दाट असतात. धनगर आकडीने, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या विळ्याने, उंचावरचा पाला पाडून देत आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा झोडपून चारत. गवताला नवे कोंब यावेत म्हणून वाळलेले रान पेटवण्याचीही चाल होती. वनखात्याला पुढे या चालीचा फार राग होता.

उलट, शेळ्या-मेंढ्यांनी जमीन तयार करण्याची एक रीत पिकाच्या शेतात होती. सुगीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात उतरत. दिवसा जनावरे धसकटे व बांधावरचा पाला खात, आणि रात्री ती वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात, बसवली जात. वाघर जागा बदलत सरकवली की सबंध शेतात लेंडीखत व मूत्र पसरे. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देई. या सौद्यात चराई आणि खत यांची अदलाबदल इतकी सरळ होती की तिला सरकारी नोंदीची गरज पडली नाही, आणि तिचा सविस्तर लेखी इतिहास न मिळण्याचे कारणही बहुधा तेच असावे.

इंग्रजी अमलात बंदीचा हेतू बदलला. मुंबई इलाख्यात 1847 साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि 1878 च्या भारतीय वन कायद्याने राखीव व संरक्षित अशी वनांची वर्गवारी केली. त्याआधी 1871 च्या कायद्याने मोकाट जनावरे कोंडवाड्यात घालण्याची व्यवस्था झालीच होती. आता घोड्याच्या गवताऐवजी इमारती व जळाऊ लाकूड राखले जाऊ लागले, आणि कोवळ्या रोपाची वैरीण म्हणून शेळी वनखात्याच्या लेखी सर्वांत नकोशी ठरली. या आरोपात तथ्य होते. तथापि जी उजाड टेकडी शेळीच्या नावावर मांडली गेली, तिच्यावरची झाडे पुष्कळदा आधीच कोळसा, सरपण आणि रेल्वेच्या मागणीपायी गेलेली होती, आणि इतर जनावरे जेथे जगत नाहीत तेथे शेळीच तेवढी उरते हे पाहणाऱ्याने लक्षात घेतले नाही. जोतीराव फुले यांनी 1883 साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर आणि गायराने वनखात्यात सामील झाल्याने गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही अशी तक्रार केली आहे. 1930 च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून कायदा मोडला, त्यामागेही हीच नाराजी होती.

स्वातंत्र्यानंतर बंदी गावाच्या हाती आली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार येथे, तसेच 1992 च्या आदर्श गाव योजनेतही, चराईबंदी हा कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान यांच्याबरोबरीचा नियम झाला. पाणलोटाच्या कामांत उतारावर समतल चर खोदून पाणी जिरवले गेले, चरांच्या भरावावर स्टायलोसारख्या द्विदल चाऱ्याचे बी टाकले गेले, आणि गवत विळ्याने कापून घरी नेण्यास मुभा राहिली. गाई-म्हशी असलेल्या कुटुंबाला ही सोय लाभली; ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि दोन-चार उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या तेवढ्या होत्या, त्यांना त्या विकाव्या लागल्या किंवा दावणीला बांधून चारा आणावा लागला. गवत आले हे निर्विवाद. ते राखण्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली, असे मात्र म्हणता येत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी प्रवेश मान्य केला आहे. परंतु तो वनजमिनीपुरता आहे, आणि दख्खनमधील पुष्कळशी गवताळ माळराने पडीक म्हणून नोंदली गेल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहतात.