सेवानीचा १८९९ चा हंगाम

* ‘सहा दिवसांतील पाच विजय’ : टेनेसीतील सेवानी येथील ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या लहानशा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १८९९ च्या नोव्हेंबरात, ९ ते १४ तारखांच्या दरम्यान, मधला रविवार वर्ज्य करून आणि आगगाडीने सुमारे २,५०० मैलांची मजल मारून, टेक्सस, टेक्सस ए. अँड एम., तुलेन, लुइझियाना स्टेट व मिसिसिपी या पाचही विद्यापीठांस एकही गुण मिळू न देता नामोहरम केले, त्याचा हा निर्देश आहे. एकदा मैदान सोडलेल्या खेळाडूस त्या सामन्यात पुन्हा उतरण्याची मुभा नसल्याने तेच ते गडी आक्रमणास आणि बचावासही राबत, हे ध्यानी घेतल्यावाचून या पराक्रमाची इयत्ता कळावयाची नाही. दौऱ्याचे निमित्त मात्र निखळ व्यावहारिक होते : व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून बिनसल्यामुळे बुडालेल्या रकमेची तोंडमिळवणी करणे. संपूर्ण हंगामात बाराही सामने जिंकताना संघाने ३२२ गुण मिळविले, दिले अवघे १०. आणि ते सर्व ऑबर्नला, ११-१० अशा निसटत्या विजयात. दौऱ्याची आखणी करणारा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली पुढे सिनेटर झाला. हॉलंडात आश्रयास राहिलेल्या पदच्युत कैसरला १९१९ मध्ये उचलून आणण्याचा फसलेला खटाटोपही याच गृहस्थाचा.