खोकला : देहाचा आणि मनाचा

थोरले माधवराव पेशवे पुण्याजवळ थेऊर येथें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं क्षयानें वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. महिनोन् महिने टिकणारा खोकला म्हटला कीं घरोघर क्षयाची शंका येई, ती उगीच नव्हे. परंतु प्रत्येक चिवट खोकल्याचें मूळ फुप्फुसांतच असतें काय?

चरकसंहितेनें कासाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांत क्षयज कास आहे, तसाच कोरडा वातज कासही आहे. आणि शोक व भय यांनीं वात प्रकुपित होतो, हेंही त्याच ग्रंथाचें मत होय. मनाचें दुःख देहांत उतरतें, हा विचार आपल्याकडे जुना आहे.

युरोपांत या दोन वाटांचा शोध एकाच काळीं लागला. १८८२ च्या मार्चमध्यें बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखविला. त्याच सुमारास व्हिएन्ना येथें डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करीत होते. आजारी वडिलांच्या उशाशीं बसली असतां तिला शेजारच्या घरांतील नृत्याचें संगीत ऐकूं आलें. तेथें असावें असें वाटलें, त्या वाटण्याचा मनाला डंख झाला, आणि खोकला सुरू झाला. पुढें तालबद्ध संगीत कानीं पडलें कीं तो उसळे. मूळ प्रसंग बोलून दाखविल्यानें अशीं लक्षणें गेलीं, असें ब्रॉयर यांनीं फ्रॉइड यांच्यासह १८९५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं राँटजेन यांना क्ष-किरण सांपडले. परंतु ती तरुणी १८८२ च्या जुलैंतच एका आरोग्यधामांत दाखल झाली होती, हें पुढें उघडकीस आलें.

आजचें वैद्यक म्हणूनच सावध आहे. प्रौढांत आठ आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला जुनाट समजतात. क्षय, दमा, नाकांतून घशांत उतरणारा स्राव, जठरांतून वर येणारें आम्ल, रक्तदाबावरील कांहीं गोळ्या, इतक्यांचा शोध आधीं घ्यावा लागतो. २०१५ सालीं अमेरिकेंतील वक्षरोगतज्ज्ञांच्या मंडळानें ‘मनोजन्य खोकला’ हें नांवच सोडावें अशी शिफारस केली. ‘रात्रीं येत नाहीं, म्हणून तो मनाचाच’ हें अनुमानही त्यांनीं अमान्य केलें. तपासणी पूर्ण झाल्यावरच मनाकडे वळावें. मग श्वासाचे व गिळण्याचे अभ्यास, समजुतीचें बोलणें आणि गरजेप्रमाणें मानसोपचार, असे उपाय करतात. मात्र प्रौढांविषयींचा पुरावा अद्याप तोकडा आहे.

मनामुळें आलेला खोकलाही खोटा नसतो. अशा माणसास ‘ढोंगी’ म्हणणें हा अन्याय. आणि छाती न तपासतां ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेस लावणें हा जिवाशीं खेळ होय.