म्हैसूरहून आटपाडीला: भिंती नसलेला तुरुंग

म्हैसूर म्हटलं की आपल्याला दसरा आणि राजवाडा आठवतो. आज मी म्हैसूर संस्थानाला आपल्या माणदेशाशी जोडणारा एक वेगळाच धागा सांगणार आहे. हा धागा आहे तुरुंगाचा.

1930 च्या दशकात सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण होते. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर त्यांच्या बोलावण्यावरून आले आणि बंगळुरूमधला संस्थानाचा विजेच्या सामानाचा कारखाना पाहू लागले. तिथे औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांची ओळख झाली, आणि फ्रीडमन औंधला आले.

औंध म्हणजे 72 गावांचं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास फ्रीडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिचं नाव स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं इथे उघड्यावर शेती करू लागली, बायकामुलांसह राहू लागली. 1957 चा व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावर बेतलेला. त्याची कथा माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची.

यात भाबडेपणा नव्हता. बंद तुरुंगात माणसाचं घर तुटतं, कामाची सवय जाते. सुटल्यावर गावात त्याला काम कोण देणार? मग ओळख उरते ती तुरुंगातल्या सोबत्यांची. कोवळ्या वयात हे फार लवकर होतं. स्वतंत्रपुरात घर आणि काम दोन्ही टिकलं.

कायदाही हळूहळू याच वाटेनं आला. 1958 च्या परिवीक्षा कायद्यानं सांगितलं, की जन्मठेपेसारखा गंभीर गुन्हा नसेल तर 21 वर्षांखालच्या आरोपीला कैदेत पाठवताना न्यायालयानं कारण लिहून द्यावं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली. पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर तुरुंगाऐवजी ती शिक्षा आहे.

पण स्वतंत्रपूर आहे ते शिक्षा झालेल्या, निवडक कैद्यांसाठी. 2022 च्या अखेरीस देशातल्या दर शंभर कैद्यांपैकी सुमारे 75 जणांचा खटलाच संपलेला नव्हता. नव्या कायद्यात त्यांच्यासाठीही वाट आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असलेलेही. न्यायालयाला कळवण्याचं काम तुरुंग अधीक्षकाचं.

माझ्या मते गुन्हेगारी कमी होणं या कळवण्यावर बरंच अवलंबून आहे. जामीनदार नाही म्हणून आत बसलेला विशीतला पोरगा वेळेवर घरी पोचला, तर कामाला लागेल. उशीर झाला, तर आतल्या सोबत्यांच्या मागे जाईल.