वजन कुणाचं, पाय कुणाचा

कोंडाईबारीचा घाट तुम्ही रात्री एसटीनं उतरला असाल तर हा देखावा पाहिलाच असेल. पुढं लाल झेंडा लावलेली जीप. मागं दीडशे फुटांचा ट्रेलर आणि त्यावर पवनचक्कीचं एकच पातं, आडवं झोपलेलं. एसटी अर्धा-पाऊण तास खोळंबते. लोक शिव्या घालतात, मग खाली उतरून मोबाईलवर फोटो काढतात. फोटोत पातं येतं. चाकाच्या बाजूनं लाकडाचा ठोकळा घेऊन चालणारा माणूस येत नाही. आलाच तर अंधारात तोंड दिसत नाही.

त्यातला एक माझ्या वस्तीतला. २०२४ च्या पावसाळ्यात चढावर ट्रेलर थांबला, हा चाकाखाली ठोकळा सारायला वाकला, आणि ट्रेलर वीतभर मागं सरकला. वीतभरच. घोट्याचं हाड फुटलं, पावलाची हाडं चिरडली. दवाखान्यात पट्टी-स्क्रू टाकून पाय जोडला. पाच महिने खाटेवर. मालकानं पहिल्या आठवड्यात पाच हजार पाठवले, नंतर फोन उचलणं बंद. मी रात्रपाळी करून सकाळी त्याच्याकडं जायचो. तो एकच वाक्य बोलायचा : "भाऊ, मना पाय बरा होई जाई, पन मालक आते वळखस नही."

या वाक्याचा इतिहास शोधावा म्हणून मी बसलो. मी काही कॉलेजात शिकलेला नाही. जे हाती लागलं ते वाचलं. मित्रांनो, तुम्ही मोर्चे काढता, जयंती करता, चांगलंच आहे. पण आपल्यातल्या एकाचा पाय चिरडला तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला माहीत नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

ओझं वाहणं आपल्याला नवं नाही. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचं सामान पुढच्या गावाला पोचवायचं काम महाराचं. वेठ म्हणतात ती हीच. १८७४ च्या वतन कायद्यानं या चाकरीला कागदाचा आधार दिला. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, तेव्हा त्यांची एक तक्रार अशी होती की चाकरीवरचा महार हजर नसला तर त्याच्या घरातलं दुसरं माणूस धरून नेतात. आता विचार करा. महाराचा पाय मोडला, तर काय होत असेल? बाप जाईल, भाऊ जाईल, बाई जाईल. सरकारचं ओझं थांबत नाही. आणि नुकसानभरपाई? ती मजुरीवर मोजतात. ज्याला मजुरीच नाही त्याच्या मोडलेल्या पायाचा हिशेब कशावर करणार? शून्याला कशानंही गुणा. हे वतन कागदावरून जायला १९५८ चा कायदा यावा लागला, आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ ला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

आमच्या जिल्ह्यातल्या भिलांची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त नाव वेगळं. शहाद्याकडं सालदारी होती. अंबरसिंग महाराज आणि १९७२ साली उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी तिच्याशी झुंज घेतली. ती स्वतंत्र लिहायची गोष्ट आहे.

आता थोडं विलायतेला जाऊ. तिथला किस्सा मला फार जवळचा वाटला, कारण तोही जादा भरलेल्या गाडीचाच आहे. फाउलर नावाचा खाटीक. त्याच्याकडं प्रिस्टली नावाचा पोरगा कामाला. मटणानं जादा भरलेली गाडी वाटेत मोडली, पोरगा पडला, मांडी मोडली. पंचांनी १०० पौंड द्या म्हटलं. १८३७ साली वरच्या कोर्टानं ते काढून घेतलं. न्यायमूर्तीचं म्हणणं असं की नोकराला असे पैसे द्यायला लागलो तर मालकांची जबाबदारी कुठवर जाईल याचा नेम नाही. आणि गाडी जादा भरलीय हे पोराला मालकाइतकंच दिसत होतं, मग तो चढला कशाला? यातूनच पुढं साहेबाच्या कायद्यात एक नियम रुजला : सोबतच्या कामगाराच्या चुकीनं दुसरा कामगार जखमी झाला तर मालकाचा संबंध नाही. कामाला आलास म्हणजे धोका पत्करून आलास. पाऊणशे वर्षं नाही, त्याहून जास्त काळ हा नियम टिकला. विलायतेत तो १९४८ ला पूर्ण गेला. आपल्याकडं १९३८ च्या कायद्यानं काढला.

माझ्या दोस्ताला मुकादम काय म्हणाला माहीत आहे? "ट्रेलर सरकतोय हे तुला दिसत नव्हतं का?" मुकादमानं प्रिस्टलीचं नाव ऐकलेलं नाही. तरी त्याला तो निकाल पाठ आहे.

इथं वळण आलं ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानं. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. त्यातली मुख्य गोष्ट ही की मालकाची चूक दाखवायची गरज नाही. काम करताना, कामामुळं इजा झाली एवढं पुरे. पण पेंच ठेवलेच. सुरुवातीला दहा दिवसांपर्यंतच्या दुखण्याला काही मिळत नव्हतं. ते सात दिवसांवर आलं, १९५९ ला तीनवर. दुसरा पेंच 'हंगामी' या शब्दाचा. हंगामी आणि मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामावरचा माणूस कामगार धरला जात नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या, पण मालक पहिली तेवढी वाचायचे : हा रोजचा माणूस नाही, जा. २००० च्या दुरुस्तीनं ते शब्द गेले. मालकांच्या तोंडातून अजून गेलेले नाहीत.

हमालाची अडचण आणखी वेगळी. आज या गाडीवर, उद्या त्या. त्याचा मालक कोण? १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा या प्रश्नातून आला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी हमालांना उभं केलं. नोंदलेल्या माथाडीला नुकसानभरपाईचा कायदा लागू झाला. पण ट्रेलरबरोबर चालणारा, बांबूनं विजेच्या तारा उचलून धरणारा, चेन आवळणारा माणूस कुठल्या बोर्डात नोंदलाय? मला तरी भेटला नाही.

इथं मनमाड आठवतं. १२-१३ फेब्रुवारी १९३८, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेब तिथं बोलले ते आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी सांगितलेली एक बारीक गोष्ट आपण विसरतो. अस्पृश्याला गँगमनवरच सडावं लागतं, पोर्टर होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? म्हंजे ओझं उचलायच्या नोकरीतही वरचं ओझं आणि खालचं ओझं. आमच्या गिरण्यांतही तेच होतं. धोटा तोंडानं ओढावा लागायचा म्हणून विणखात्यात आपल्याला मज्जाव. आज ट्रेलरच्या केबिनमध्ये बसणारा कोण आणि उन्हात बांबू धरणारा कोण, हे एकदा विसरवाडीच्या ढाब्यावर उभं राहून मोजा. मी मोजलंय.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते. आजारी आणि जखमी कामगाराच्या विम्याचा अडारकरांचा अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. तो कारखान्यातून सुरू झाला. रस्त्यावरचा माणूस बाहेरच राहिला. मोटार कामगारांसाठी १९६१ चा कायदा झाला, क्लीनरही त्यात घेतला, पण पाच किंवा जास्त माणसांच्याच धंद्याला. चार माणसं दाखवली की सुटका.

आता हिशेबाकडं येतो. हा भाग तरुणांनी वहीत उतरवून ठेवावा.

दोस्ताचा अपघात २०२४ चा, म्हणून दावा १९२३ च्या कायद्याखाली. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. त्यानंतरच्या अपघाताला संहिता बघायची.) खाटेवरच्या महिन्यांसाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा पाव भाग, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. २००९ च्या दुरुस्तीनं दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर आला. पावत्या पाहिजेत. आमच्याकडं अर्ध्या पावत्या होत्या, बाकीच्या त्याच्या आईनं चुलीत घातल्या. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. खरं तर २०१७ पासून कामावर घेतानाच मालकानं कामगाराला त्याचे हक्क लेखी, त्याला कळेल त्या भाषेत सांगायचे होते. दोस्ताला लेखी मिळालं ते फक्त टोलच्या पावतीवर.

कायमचं अधूपण राहिलं तर टक्केवारी. कायद्याच्या जोडपत्रात अवयवांचे दर छापलेत, किराणा दुकानाच्या यादीसारखे. अंगठा गेला ३० टक्के. एका हाताची चारही बोटं ५० टक्के. पण तुटलेला नाही, फक्त ताठ झालेला घोटा त्या यादीत नाही. तिथं डॉक्टर ठरवतो की कमाईची ताकद किती गेली.

पगार १२,००० आणि वय २५ धरा. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ७,२००. पंचविशीच्या वयाचा गुणक २१६.९१. दोन्ही गुणले की १५ लाख ६१ हजार ७५२. डॉक्टरनं दाखल्यावर १५ टक्के लिहिले, म्हणजे २ लाख ३४ हजार. पण तो आता उकिडवा बसू शकत नाही, ट्रेलरवर चढू शकत नाही, उतारावर उभा राहू शकत नाही. पायाची ताकद १५ टक्के गेली असेल. कामाची किती गेली?

याला आधार आहे. डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं श्रीनिवास सबता नावाच्या सुताराचा खटला आला. सिनेमा थिएटरात काम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, यादीतल्या टक्क्यांनी द्या. कोर्ट म्हणालं, सुतार एका हातानं सुतारकाम करू शकत नाही, तेव्हा गेलं ते शंभर टक्के. आणि पैसे देणं लागू होतं ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या नाही. दोस्ताच्या अर्जात आम्ही हाच निकाल घातलाय.

मालक कोण, हा झगडा अजून आहे. पातं एकाचं, वाहतुकीचा ठेका दुसऱ्याचा, ट्रेलर तिसऱ्याचा, माणसं मुकादमाची. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. पण ठेकेदारामार्फत आपल्याच धंद्याचं काम करून घेणारा मूळ मालकही देणं लागतो, हे १९२३ पासूनच कायद्यात आहे (कलम १२). विमा कंपनीचा वकील वेगळंच विचारतो : तू गाडीवर होतास की जमिनीवर? कारण मोटार कायद्यात मालगाडीच्या सक्तीच्या विम्यात गाडीवरून नेला जाणारा कामगार धरलाय. चाकाजवळ चालणारा त्या ओळीत बसतो का, यावर तो भांडतो. विमा सुटला तरी मालक सुटत नाही, एवढं दोस्ताला मी तीनदा समजावलं. तो म्हणाला, "मी तं गाडीनाच व्हतू ना भाऊ."

दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आम्ही एकविसाव्या महिन्यात केला. पंधरा दिवसांनी तारीख आहे. मालकाचा वकील डॉक्टरला उलटतपासणीला बोलावणार म्हणे. मी त्या दिवसाची पाळी बदलून घेतलीय. दोस्त सकाळी अंगणात विटेवर टाच टेकवून घोटा वाकवतो, वीस वेळा. आता एखाद-दुसरं बोटभर जास्त वाकतो. काल त्यानं मला विचारलं, तारखेपर्यंत व्यायाम बंद ठेवू का, म्हणजे टक्के कमी होणार नाहीत. मी म्हटलं, नको, करत राहा.