गाडी चालते, पण ओ देत नाही

निपाणीजवळ आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मोटारीचा स्टार्टर आणि त्याला जोडलेलं एक लहानसं डबडं. त्या डबड्यात सिमकार्ड. अण्णा घरातून त्या नंबरला फोन लावतो, डबडं फोन उचलतं, अण्णा एक आकडा दाबतो आणि पाऊण मैलावर मोटार सुरू होते. दुसरा आकडा दाबला की बंद. आपल्या भागात आता हे नवल राहिलेलं नाही, ऊसवाल्यांच्या घरोघरी आहे.

पण ते येण्याआधीचे दिवस वहिनी विसरलेली नाही. थ्री फेजची लाईट रात्रीच यायची, कधी एकला तर कधी अडीचला. बॅटरी नि काठी घेऊन अण्णा बांधावरून निघाला की तो परत येईपर्यंत वहिनी दारात बसून. दोनदा पायाजवळून साप गेलेला. डबडं बसवलं त्या रात्री ती आडवी पडली ती सकाळीच उठली, असं ती अजून सांगते. तेव्हा डबडं म्हटलं तरी ती साधी गोष्ट नव्हे.

गेल्या दिवाळीला भाची कॅलिफोर्नियाहून आली होती, अण्णाचीच मुलगी. मळ्यात गेल्यावर तिनं ती पेटी उघडून बघितली आणि हसायलाच लागली. "आत्या, माझ्या गाडीत अगदी असंच आहे गं. फरक एवढाच की अण्णांचं अजून ओ देतं, माझं मुकं झालंय."

तिची गाडी विजेवरची, जुनी, दुसऱ्या हातची घेतलेली. गाडी धावते झकास. पण फोनवरून तिला विचारावं, 'बाई, चार्जिंग किती झालं?' तर उत्तर नाही. आधीच्या मालकानं पैसे भरून आतलं डबडं एकदा बदललं होतं, तेही पुन्हा मुकं झालं. मला हे काही केल्या पटेना. चालती गाडी, सगळं शाबूत, मग मुकी का? तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले, आणि बघता बघता तीसेक वर्षांचा इतिहास हाताला लागला.

सुरुवात विजेच्या गाड्यांच्या आधीची आहे. १९९६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं 'ऑनस्टार' नावाची सोय काढली. गाडीतच फोन बसवलेला. अपघात होऊन एअरबॅग फुटली की गाडी आपण होऊन मदत केंद्राला कळवणार. एकट्यादुकट्या गाडी चालवणाऱ्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना या गोष्टीचं मोल किती असेल, ते वेगळं सांगायला नको. पण तो फोन जुन्या ॲनालॉग पद्धतीचा होता. तिकडच्या दूरसंचार आयोगानं मोबाईल कंपन्यांना मोकळीक दिली की १८ फेब्रुवारी २००८ नंतर ॲनालॉग चालू ठेवायचं बंधन तुमच्यावर नाही. ऑनस्टारनं त्याच्या थोडं आधी, २००७ सरता सरताच, ॲनालॉग गाड्यांची सेवा बंद केली. काही गाड्यांतलं यंत्र बदलता आलं, काहींतलं आलंच नाही. लोक कोर्टात गेले. गाडी आमची, पैसे मोजलेले आम्ही, आणि आतली सोय तुम्ही परस्पर कशी काढून घेता, हा सवाल तेव्हाच विचारला गेला होता.

यावरून पुढचे शहाणे व्हायला हवे होते. झाले नाहीत.

डिसेंबर २०१० मध्ये जपान आणि अमेरिकेत निस्सानची 'लीफ' ही विजेची मोटार लोकांच्या हाती पडू लागली. सामान्य माणसाला परवडावी म्हणून मोठ्या प्रमाणावर काढलेल्या विजेच्या गाड्यांत तिचा मान पहिल्या काहींतला. बॅटरी २४ युनिटची, आणि अमेरिकेच्या सरकारी मोजणीप्रमाणे एका चार्जिंगमध्ये ७३ मैल, म्हणजे ११७ किलोमीटर. एवढ्याच पल्ल्याच्या गाडीला फोनची जोड ही चैन नव्हे. थंडीत गाडीतला हीटर बॅटरीच खातो. पण गाडी घरच्या प्लगला असतानाच, निघायच्या आधी, फोनवरून आतली हवा गरम करून घेतली तर ती वीज घरची जाते आणि बॅटरी रस्त्यासाठी उरते. चार्जिंग मध्येच तुटलं तर फोनवर कळतं. पहाटे उठून, शाल गुंडाळून, अंगणात जाऊन बघावं लागत नाही. अण्णाच्या बांधावरच्या फेऱ्याच म्हणा ना.

हे चालतं कसं? भाचीनं मला दिवाळीचे लाडू समोर मांडून समजावलं. आपण फोनवर बोट ठेवलं की निरोप आधी कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातो. तिथून मोबाईल टॉवरमार्फत गाडीतल्या डबड्याकडे. डबड्यात सिम असतं, अँटेना असते, आणि ते गाडीच्या आतल्या वायरींना जोडलेलं असतं. निरोप मिळाला की ते झोपलेल्या गाडीला उठवतं, काम सांगतं आणि उत्तर परत पाठवतं. या साखळीतली एक कडी निखळली की सगळं थांबतं. आणि नुसतं सिम बदलून भागत नाही. त्यातली रेडिओची चिप एकाच पिढीची भाषा जाणते. टूजीची चिप फोरजीच्या टॉवरखाली उभी केली तर ती बहिऱ्यासारखी उभीच राहते.

लीफमधलं डबडं टूजीचं होतं. अमेरिकेत ते एटी अँड टीच्या जाळ्यावर चाले. आणि या कंपनीनं २०१२ सालीच जाहीर केलं की १ जानेवारी २०१७ ला आम्ही टूजी बंद करणार. हे ऐकून मी भाचीला विचारलं, मग त्यानंतरच्या गाड्यांत तरी नवं डबडं घातलं असेल? तर नाही. २०१५ च्या मॉडेलपर्यंत टूजीच! बंद होणार म्हणून डांगोरा पिटलेल्या दुकानाची उधारी वही घेऊन बसल्यासारखं.

कारणं समजतात, नाही असं नाही. गाडीचा आराखडा ठरतो तो ती विकायला येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, आणि सुटे भागही तेव्हाच ठरतात. टूजीची चिप स्वस्त, तिचे टॉवर सगळीकडे. फोन आपण दोन-तीन वर्षांत बदलतो, गाडी मात्र पंधरा वर्षं वापरतो. फोनवाल्यांचं घड्याळ आणि गाडीवाल्यांचं घड्याळ वेगळं आणि डबडं बिचारं दोघांच्या मध्ये.

टॉवरवाल्यांचीही बाजू आहे. हवेतल्या लहरींचे पट्टे ठराविकच असतात, त्यांची वाटणी करून घ्यावी लागते. आपल्याकडच्या बायकांना हे लगेच कळेल. ज्या रानात तंबाखू उभा आहे त्यातच ऊस लावता येत नाही. नवं पीक घ्यायचं तर जुनं उपटावं लागतं. फक्त त्या उपटलेल्या पिकावर कोणाचं पोट होतं, हे विचारण्याची रीत त्या धंद्यात नाही.

ठरल्याप्रमाणे १ जानेवारी २०१७ ला एटी अँड टीचं टूजी गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत तर शहराच्या बसगाड्याच दिसेनाशा झाल्या. म्हणजे बसा धावत होत्या, पण 'पुढची बस किती मिनिटांत' सांगणाऱ्या पाट्यांना त्यांचा ठावठिकाणा कळेना, कारण अनेक बसांत टूजीचीच यंत्रं होती. चार वर्षं आधी कळूनही शहराच्या कारभाऱ्यांची ही गत, तर एकेकट्या मोटारवाल्याचं काय!

निस्साननं जुन्या लीफवाल्यांना १९९ डॉलरमध्ये डबडं बदलून द्यायचं ठरवलं. कामगारानं पुढचं पॅनेल काढायचं, जुनं काढून नवं लावायचं. पुष्कळांनी पैसे भरले. पण नवं डबडं कुठलं, तर थ्रीजीचं. फोरजी तेव्हा सगळीकडे आलेलं होतं! आणि २२ फेब्रुवारी २०२२ ला त्याच एटी अँड टीनं थ्रीजीही मिटवलं. दोनशे डॉलरची वाचा पाच वर्षांतच बसली. पायरी चढायचीच होती तर एकदम वरची का नाही चढवली, याचा मला फार राग येतो. तो माझ्या खिशातला पैसा नव्हता, तरी येतो.

टेस्लाचंही असंच, पण निभावलं जरा बरं. २०१२ पासूनच्या त्यांच्या मॉडेल एस गाड्यांत २०१५ च्या मध्यापर्यंत थ्रीजी होतं. २०२२ मध्ये थ्रीजी जाताना त्यांनी दोनशे डॉलरच्या आसपास फोरजीचा मोडेम बसवून दिला. पैसे मालकाचेच, पण गाडी निदान बोलती राहिली.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र कंपन्यांचा नाही, मालकांचा आहे. टेस्लाची पहिली मोटार रोडस्टर, दोन-अडीच हजारच निघालेली. तिच्या काही हौशी मालकांनी आपलं आपणच एक डबडं बनवलं. गाडी दुरुस्त करणारे ज्या खाचेत यंत्र लावून आजार बघतात, त्याच खाचेत हे लावायचं. सिम आपलं, निरोप आपले, मध्ये कंपनी नाही. त्याचा आराखडा त्यांनी सगळ्यांना फुकट खुला केला. 'ओपन व्हेइकल मॉनिटरिंग सिस्टीम' असं त्याचं लांबलचक नाव. पहिलं रूप टूजीचंच होतं. पण पुढं तिसऱ्या रूपात त्यांनी अक्कल चालवली. मोडेमची पट्टी वेगळी ठेवली, खाचेत बसणारी. थ्रीजी गेलं? ती पट्टी उपसा, फोरजीची बसवा, बाकी डबडं तेच. लीफसकट बऱ्याच जुन्या गाड्यांना ते चालतं. मिक्सरचं भांडं बिघडलं म्हणून आपण मिक्सर टाकत नाही, भांडंच बदलतो. एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या कारखान्यांना सुचू नये?

इंग्लंडात तर आणखी वेगळं घडलं. तिथल्या मोबाईल कंपन्यांनी सरकारशी ठरवलंय की टूजी-थ्रीजी २०३३ पर्यंत आवरायचं. म्हणजे टूजी अजून चालू. तरी टूजी जाणार हे कारण देऊन जुन्या लीफचं फोनवरचं ॲप १ एप्रिल २०२४ पासून बंद झालं. टॉवर जिवंत, डबडं जिवंत, मधला संगणकच निघून गेला. लोक चिडले. चार्जिंगची वेळ गाडीत बसून लावा, असं त्यांना सांगण्यात आलं.

आता आपल्याकडे या. आपल्या शेजारच्या बेंगळुरूत चेतन मैनींनी २००१ साली 'रेवा' ही विजेची छोटी मोटार आणली, हे पुष्कळांना आठवत असेल. पुढं ती महिंद्रांकडे गेली आणि २०१३ मध्ये तिची धाकटी बहीण 'ईटूओ' आली. तिला फोनचं ॲप होतं. वाटेत बॅटरी संपलीच तर निरोप पाठवून राखून ठेवलेली थोडी वीज मोकळी करून घ्यायची सोयही होती. ओटीत दडवून ठेवलेल्या नोटेसारखी. अमेरिकेच्या मागे आपण होतो असं समजायचं कारण नाही.

पण टॉवरांच्या बाबतीत आपला इतिहास उलटाच चालला. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला. त्यानंतर टूजी, मग थ्रीजी, मग फोरजी आलं. त्यातलं गेलं कोण, तर मधलं! एअरटेलनं २०१९ मध्ये कोलकात्यापासूनच थ्रीजी मिटवायला घेतलं, इतरही त्याच वाटेनं गेले. टूजी मात्र राहिलं, कारण बटणाचे फोन राहिले. त्या पहिल्या फोनला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, २०२० मध्ये, मुकेश अंबानी म्हणाले की देशात तीस कोटी लोक अजून टूजीत अडकलेत, देश टूजीमुक्त करायला हवा. त्यांच्या जिओला टूजी कधी नव्हतंच. त्या तीस कोटींत माझी आई आहे, आमच्याकडे भांडी घासायला येणारी रत्ना आहे, आणि माणूस नसलं तरी अण्णाचं विहिरीवरचं डबडंही आहे. भाचीच्या गाडीतलं मूळचं टूजी डबडं, लहरींचे पट्टे जुळले असते, तर आमच्या मळ्यात बोललं असतं. तिथं मेलेलं इथं जिवंत!

मोटार फोनवरून चालवायची ही युक्तीही आपलीच बरं का. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं 'नॅनो गणेश' त्यात फार गाजलं, दूरवर पोचलं. शेतकरी बांधावर मरू नये, ही त्यामागची कळकळ.

सगळं ऐकून अण्णानं एकच विचारलं, "मग आमचं कधी बंद करणार?" भाचीला तारीख सांगता येईना. तो दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चौकशी करून आला. फोरजीचा स्टार्टर मिळतो, जुना घेऊन थोडी सूटही देतात. "पण ह्यात सिमची पट्टी वेगळी निघते का?" असं त्यानं दुकानदाराला विचारलं म्हणे. दुकानदार बघतच राहिला. निघत नाही, सगळं एकसंध आहे. अण्णानं घेतला नाही. चालतंय तोवर चालू दे, म्हणाला.

भाचीची निघायची आदली रात्र. दीडच्या सुमाराला लाईट आली, पंखा फिरायला लागला. अण्णानं अंथरुणातूनच बटणाचा फोन चाचपला आणि नंबर लावला. भाची उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन-तीन रिंगा गेल्या. मग तो आकडा दाबल्याचा आवाज. वहिनीनं कूस बदलली. लांब विहिरीकडून मोटारीची घरघर ऐकू यायला लागली, तशी भाची खिडकी लावून परत येऊन झोपली.